चारशे मीटर जायचं आणि परत यायचं

न्हावऱ्याहून कारेगावजवळच्या कंपनीत मी रोज मोटारसायकलवर जात असे. जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. आठवड्यातले सहा दिवस एवढी गाडी हाकूनही माझं पोट भरत नसावं, कारण सुट्टीच्या गुरुवारी मी पुन्हा तेच वीस किलोमीटर जायचो, तिथे चारशे मीटर गाडी पळवायचो आणि घरी यायचो. चारशे मीटर जायचं, वळायचं, हळूहळू मागे यायचं, पुन्हा जायचं. याला आम्ही रेस म्हणायचो. आमच्या घरी याला जे म्हणायचे ते छापण्यासारखं नाही.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. रांजणगावच्या माळावर कंपन्या येऊ लागल्या होत्या, पण कंपन्यांच्या आधी रस्ते आले होते. रुंद, सरळ, काळेभोर डांबरी रस्ते. दोन्ही बाजूंना कुसळं, विजेचे खांब आणि प्लॉटचे नंबर टाकलेले दगड. एक रस्ता तर कुठेच जात नव्हता. शेवटाला मुरमाचा ढीग होता आणि ढिगावर बहुतेक वेळा एखादी टिटवी बसलेली असे. आमच्या गावाला चांगला रस्ता मिळावा म्हणून माणसं पुढाऱ्यांच्या मागे फिरून म्हातारी झाली, आणि इथे टिटवीसाठी चौपदरी रस्ता. एवढा खर्च वाया जाऊ नये, कुणीतरी त्याचा उपयोग करावा, या उदात्त हेतूने आम्ही सात-आठ जण पुढे आलो.

माझी सुरुवात अगदी साधी झाली. एका गुरुवारी अर्ध्या दिवसाचा ओव्हरटाइम करून निघालो होतो. सोबत एक कामगार होता, त्याच्याकडेही माझ्यासारखीच जुनी टू-स्ट्रोक गाडी. तो नुसता म्हणाला, "त्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत?" मी म्हणालो, "चल." आणि मी जिंकलो. तिथेच सगळं बिघडलं. त्या दिवशी हरलो असतो, तर आज माझा डावा हात डोक्यापर्यंत जात असता.

मी प्रेस मशीनवर होतो. पत्रा ठेवायचा, दोन हातांनी दोन बटणं दाबायची, वरून डायचा लोखंडी ठोकळा येणार, धप्पकन् आवाज होणार, भाग काढायचा, पुढचा पत्रा ठेवायचा. बटणं दोन यासाठी, की एखादा हात चुकून आत राहू नये. दिवसाला असे किती भाग निघायला हवेत हे वर केबिनमध्ये बसलेला माणूस ठरवायचा. चहा कधी प्यायचा हे भोंगा ठरवायचा. लघवीला जायचं तरी शेजारच्याला सांगून जावं लागे. अशा आठवड्यानंतर त्या मोकळ्या रस्त्यावर गाडी उभी करायची. समोर एक जण कंपनीतला हातमोजा वर धरून उभा असायचा. इंजिन किंचाळत असायचं, हातात क्लच थरथरायचा. हातमोजा खाली पडला की छातीवर कुणीतरी तळहात ठेवून मागे ढकलल्यासारखं व्हायचं. पुढचे सतरा-अठरा सेकंद मला कुणी काही विचारू शकत नव्हतं. मला स्वतःलासुद्धा काही विचारता येत नव्हतं. हे सुख कुणाला समजावून सांगता येत नाही. मी बायकोला एकदा सांगून पाहिलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तेवढा येळ डोळं मिटून बसलं तर न्हाई चालत?"

सतरा-अठरा सेकंद लागायचे, आणि मला ते सोळावर आणायचे होते. का, ते विचारू नका. सोळा सेकंदांत मुरमाच्या ढिगापाशी पोचून मला तिथे काहीही काम नव्हतं.

शिरूरला एसटी डेपोच्या मागे एक मिस्त्री होता. त्याच्या टपरीच्या पत्र्यावर कुठल्याशा परदेशी मासिकाचं एक पान चिकटवलेलं होतं. त्यात सरळ रस्त्यावर दोन राक्षसी गाड्या धूर काढत उभ्या होत्या. खालचं इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं, पण चित्रावरूनच त्याने सगळं शास्त्र आत्मसात केलं होतं. माझ्या गाडीभोवती त्याने एक चक्कर मारली, खाली बसला, उठला, आणि एखाद्या मोठ्या डॉक्टरने आजार सांगावा तसा म्हणाला,

"गाडी जड हाय."

"मग?"

"मग काय? जे पळत न्हाई ते काढायचं."

माझ्या गाडीत न पळणाऱ्या इतक्या वस्तू असतील याची मला कल्पना नव्हती. आरसे गेले, कारण रेसमध्ये मागे कशाला बघायचं. हॉर्न गेला. दोन्ही स्टँड गेले, त्यामुळे पुढची दोन वर्षं गाडी भिंत किंवा बाभूळ शोधून टेकवावी लागली. पुढचं मडगार्ड गेलं आणि पावसाळ्यात रस्त्यावरचा सगळा चिखल माझ्या तोंडावर येऊ लागला. सायलेन्सरच्या आतली जाळी निघाली, तेव्हापासून मी कामावरून येतोय हे गावाला मी वेशीपाशी असतानाच कळू लागलं. शेवटी मिस्त्रीने मागच्या चाकाशेजारची जाळी काढली. बायामाणसं गाडीवर एका बाजूला बसतात तेव्हा लुगडं चाकात जाऊ नये म्हणून असते ती. साडीगार्ड.

संध्याकाळी बायको गाडीकडे बघत बराच वेळ उभी राहिली.

"आन् मी कुठं बसायचं?"

"एसटीनं जात जा ना. एसटी किती सेफ असती."

"व्हय," ती म्हणाली. "एसटीला जाळ्या न्हाई काढत."

तिचं माहेर दौंड तालुक्यात, केडगावच्या अलीकडे. सणाला आम्ही दोघं निघायचो एकाच वेळी, पण ती एसटीच्या थांब्याकडे आणि मी गाडीवर. मी अर्थातच आधी पोचायचो आणि फाट्यावर बाभळीला गाडी टेकवून तासभर तिची वाट बघायचो. तो तास वाचवण्यासाठीच मी गाडी हलकी केली होती. असं दोन-तीनदा झालं तेव्हा सासूबाईंनी लेकीला आत नेऊन हळूच विचारलं, "भांडान झालंय का गं तुमचं? बोलचाल तरी हाय का?"

गाडीतून काढण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा मिस्त्रीने माझ्याकडे नजर वळवली. पोटाकडे, खरं तर.

"आता तुमचं बघा," तो म्हणाला.

मी संध्याकाळचं जेवण सोडलं. मग सकाळची न्याहारी सोडली. सासुरवाडीला पुरणपोळीला हात जोडले, हे तर त्या घराच्या इतिहासात कुठल्याही जावयाने केलं नव्हतं. एक-दीड महिन्यात गालफडं बसली. आई माझ्याकडे बघून पदराने डोळे पुसू लागली. तिने आधी शेजारणीला विचारलं. शेजारीण म्हणाली शुगर असेल. दुसरी म्हणाली कुणाची तरी नजर लागली असेल. आईने दोन्ही शक्यता धरल्या. घरी मीठ-मिरच्या ओवाळल्या आणि दुसऱ्या दिवशी मला शिरूरच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, लघवी तपासली, जीभ बघितली आणि विचारलं, "कामाचा काही ताण आहे का?" मला सांगता आलं असतं की डॉक्टर, मला दोन सेकंद कमी करायचे आहेत. पण आई शेजारी बसली होती. डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं. ते दोन चमचे दिवसातून तीनदा, आईच्या समोर, घ्यावं लागलं. गोड होतं. त्याने माझं वजन होतं त्यापेक्षा तीन किलो वाढलं.

आमच्या त्या रस्त्यावर अडथळेही येत. एका गुरुवारी आम्ही दोघं गाड्या रेस करून उभे होतो आणि हातमोजा पडणार एवढ्यात डावीकडच्या प्लॉटमधून शेदीडशे मेंढरं रस्त्यावर आली. मागे घोंगडीवाला म्हातारा. मेंढरांना कसलीच घाई नव्हती, म्हाताऱ्याला त्याहून नव्हती. तो आमच्यापाशी येऊन थांबला.

"कुठं निघालाय एवढ्या आवाजात?"

"कुठं न्हाई मामा. त्या ढिगापर्यंत."

त्याने ढिगाकडे बघितलं. "काय हाय तिकडं?"

"काय न्हाई."

"मग?"

"मग परत यायचं."

म्हाताऱ्याने आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघितलं. वेडसर माणसांशी बोलताना माणूस जसा सांभाळून बोलतो तसा तो म्हणाला, "बरं बरं. या जाऊन." आणि मेंढरांना लवकर लवकर पलीकडे काढलं.

याच रस्त्यावर मला आप्पा भेटले. दौंडला रेल्वेत फिटर होते, वय पन्नाशीच्या पुढे. गुरुवारी ड्युटी नसली की भीमा ओलांडून एवढ्या लांब यायचे. हँडलला जेवणाच्या डब्याची पिशवी असायची. पहिल्यांदा आले तेव्हा आम्हाला वाटलं रस्ता चुकले. गाडी आमच्यासारखीच टू-स्ट्रोक, पण तिला आरसे होते. हॉर्न होता. लेगगार्ड होता, पुढे-मागे मडगार्ड होतं, आणि साडीगार्डसुद्धा होतं, धुऊन-पुसून चकाचक. आप्पांचं वजन ऐंशीच्या खाली नक्कीच नव्हतं. डब्याची पिशवी तेवढी काढून त्यांनी दगडावर ठेवली आणि आम्हा सगळ्यांना, एकामागून एक, हरवलं.

मी दीड महिना उपाशी राहिलो होतो, हे मी त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही.

दगडावर बसून ते डबा खायला लागले तेव्हा मी जवळ जाऊन विचारलं, "आप्पा, इंजिनला काय केलंय?"

"काय न्हाई. पुसतो रोज."

"मग एवढी पळती कशी?"

"पळत न्हाई गड्या ती तुझ्यापरीस. तुझी जास्त पळती." भाकरीचा तुकडा तोंडात टाकून ते म्हणाले, "तू सुटतोस उशिरा. मोजा पडतो, मग तू बघतो, मग तुला कळतं, मग तू क्लच सोडतो. तवर मी दोन खांब गेलेला असतो. मोज्याकडं बघूच नगं. मोजा धरलेल्या माणसाच्या खांद्याकडं बघ. हात सोडायच्या आधी खांदा हलतो."

माझ्या आयुष्यात कुठल्याही मास्तराने मला इतकं स्वच्छ शिकवलं नव्हतं. गणित असं शिकवलं असतं तर मी केबिनमध्ये बसलो असतो.

पुढचे चार-पाच महिने मी क्लच सोडायला शिकलो. अंगणात, खळ्यावर, कंपनीच्या गेटबाहेर. आईला मी समोर उभं करून हातातला टॉवेल टाकायला सांगायचो आणि तिच्या खांद्याकडे बघायचो. ती बिचारी डॉक्टरांनी सांगितलेला काही उपचार असेल असं समजून टॉवेल टाकत राहायची. क्लच प्लेटा जळल्या, बदलल्या, पुन्हा जळल्या. एकदा पहिल्या शिफ्टला जाताना करडे घाटाच्या चढावर नव्हे, चांगल्या सपाट रस्त्यावर पिस्टन जाम झाला आणि मी गाडी ढकलत कंपनीत पोचलो तेव्हा लोक डबे उघडत होते. त्या वर्षी उशिरा आल्याबद्दल मला तीन मेमो मिळाले. सगळ्या पंचक्रोशीत सगळ्यांत वेगवान गाडी ज्याची, त्याला उशिरा येण्याबद्दल तीन मेमो.

आणि मी आप्पांच्या जवळ जवळ येत गेलो. आधी दोन खांब मागे असायचो, मग एक, मग गाडीभर, मग चाकभर. आप्पांना त्याचा आनंदच होत असावा. एक दिवस म्हणाले, "आता एकदा दौंडला ये. आमच्याकडं रुळाच्या कडंनं जुना रस्ता हाय. तुमच्यापरीस सरळ. तितं बघू."

घरी मी सांगितलं की ओव्हरटाइम आहे. बायकोने डबा भरून दिला. दौंडच्या त्या रस्त्यावर मी सकाळी नऊ-साडेनऊला पोचलो. हवा गार होती. एका बाजूला रूळ, दुसऱ्या बाजूला ऊस. आप्पांचे रेल्वेतले दोघं मित्र आले होते. एक इकडे रुमाल घेऊन उभा, एक तिकडे शेवटाला. आप्पांनी नेहमीप्रमाणे पिशवी काढून ठेवली. माझ्याकडे बघून मान हलवली.

मी रुमालाकडे बघितलं नाही. खांद्याकडे बघितलं. खांदा हलला आणि मी सुटलो.

त्या सुटण्याबद्दल मी आजही काही वाईट बोलणार नाही. बाकी सगळ्याची टिंगल करीन, त्याची नाही. पहिला गिअर, दुसरा गिअर, डोळ्याच्या कोपऱ्यात आप्पांचं पुढचं चाक, मग ते नाही. तिसऱ्या गिअरला कोपऱ्यात नुसता ऊस. शेवटच्या माणसाने हात वर केला तेव्हा माझ्या पुढे कुणी नव्हतं. मी आप्पांना हरवलं होतं.

आता शहाण्या माणसाने ब्रेक लावला असता. पण मला बघायचं होतं. इतके महिने मी ज्यांच्या पाठीकडे बघत आलो, त्यांचं हरलेलं तोंड कसं दिसतं ते मला बघायचं होतं. आणि आरसे मी काढून टाकलेले. म्हणून मान पूर्ण वळवून मागे बघितलं. आप्पा हसत होते. मी पुढे बघेपर्यंत रस्त्यावर ऊस आला होता. उभा नाही, आडवा. ट्रॉल्यांमधून पडलेला, टायरांखाली चिरडलेला, रसाने चिकट झालेला. पुढचं चाक त्यावरून असं सरकलं, जसा आमच्या आईच्या हातून साबण सरकतो. गाडी एकीकडे गेली, मी एकीकडे. मी पडलो तो बरोबर डाव्या खांद्यावर.

डोळे उघडले तेव्हा आप्पा वर वाकले होते आणि त्यांच्या तोंडावरचं हसू गेलं होतं. मी पहिलं वाक्य काय बोललो असेन? "आप्पा, किती सेकंद?"

"गप ऱ्हा," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढलेला ऐकला. "बोटं हलीव. डावी. हलीव म्हनतो ना."

बोटं हलली. हात उचलला गेला नाही. त्यांनी आणि त्यांच्या मित्राने मला एका टेम्पोत घातलं आणि दौंडच्या एका दवाखान्यात नेलं. खांदा निखळला होता, गळ्याखालचं हाड मोडलं होतं. खांदा जागेवर बसवताना मी जो आवाज काढला तो माझ्या सायलेन्सरपेक्षा कमी नसावा. आप्पा बाहेर बाकावर माझी डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. संध्याकाळी त्यांनीच मला जीप करून न्हावऱ्याला सोडलं, वेशीपाशी. घरापर्यंत येतो म्हणाले, मी नको म्हणालो. कारण जीपमध्ये बसून मी घरी सांगायची गोष्ट तयार केली होती, आणि तिच्यात आप्पा नव्हते.

"वेशीपाशी कुत्रं आडवं आलं," मी दारातूनच सांगितलं.

आई रडायला लागली. तासाभरात आळी गोळा झाली. कुणी नारळपाणी आणलं, कुणी बिस्किटांचा पुडा. जो येईल तो आधी हाताकडे बघायचा, च्च् च्च् करायचा आणि मग स्वतःची कुत्र्याची गोष्ट सांगायचा. मला वाटलं नव्हतं की आमच्या गावात कुत्र्यांमुळे इतकी माणसं पडलेली असतील. एक जण दोनदा पडला होता. तिसऱ्या दिवशी कुत्र्याचं वर्णन मागण्यात आलं. मी घाईत म्हणालो, "तांबडं होतं." झालं. वेशीपाशी एक तांबडं कुत्रं होतं, वर्षानुवर्षं उकिरड्याशेजारी झोपायचं. त्याने उभ्या जन्मात कधी कुणाच्या आडवं जाण्याइतकी हालचाल केली नसेल. पण आता येणारा-जाणारा त्याला दगड मारू लागला. ग्रामपंचायतीत मोकाट कुत्र्यांचा विषय निघाला आणि त्यात माझ्या खांद्याचा उल्लेख झाला म्हणे. गावाच्या कारभारात माझी भर पडली ती एवढीच.

बायको या सगळ्यात एक शब्द बोलली नव्हती. पाहुण्यांना चहा देत होती, मला भरवत होती, शर्टाची बाही चढवून देत होती. आठवडा गेला. एका दुपारी घरात दुसरं कुणी नव्हतं. तिने दवाखान्याची चिठ्ठी माझ्यासमोर धरली.

"कुत्रं आपल्या येशीपाशी आडवं आलं ना?"

"हां."

"आन् पट्टी दौंडात बांधली?"

मी चिठ्ठीवरचा दौंडचा शिक्का बघत राहिलो.

"येशीपाशी पडून मानूस घरी यायचं सोडून नदी वलांडून दौंडाला गेला. मोडक्या हातानं. घराच्या दारावरनंच गेला आसल."

खोटं बोलायला मला जीपमध्ये पाऊण तास मिळाला होता आणि ही साधी गोष्ट सुचली नव्हती. क्लच वेळेवर सोडायला शिकलो होतो, तोंड वेळेवर मिटायला शिकलो नव्हतो.

मी तिला सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती उठली, बाहेर गेली, आणि दारातून मला दिसलं की रात्रीची उरलेली भाकरी घेऊन ती वेशीच्या दिशेने चालली होती. परत आली तेव्हा म्हणाली, "त्याचा पाय सुजलाय. दगड लागलाय कुणाचा तरी." एवढंच. मला तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढच्या गुरुवारी आप्पा आले. एसटीने. पत्ता विचारत विचारत, हातात पेरूंची पिशवी. आईने त्यांना कंपनीतले साहेब समजून सतरंजी अंथरली. त्यांनी माझा हात बघितला, मग बायको पाणी घेऊन आली तेव्हा तिच्याकडे न बघता, जमिनीकडे बघत म्हणाले,

"सूनबाई, चूक माझी हाय. मीच बोलावलं व्हतं. पर एक सांगतो, पोरगं त्या दिवशी पयलं आलं."

मी डोळ्यांनी खुणा करत होतो. उपयोग नव्हता.

"पयलं आलं म्हंजी दोघांत ना?" बायकोने विचारलं.

"व्हय. दोघांतच."

"आन् तुमी दुसरे?"

"व्हय."

"मग शेवटचं कोन आलं?"

आप्पांनी जरा विचार केला. "मीच म्हनायचं," ते म्हणाले, आणि एकदम हसायला लागले. तीही हसली. कितीतरी दिवसांनी मी तिला हसताना बघितलं, आणि तेही माझ्या आयुष्यातल्या एकमेव विजयावर. मग तिने विचारलं, "तुमच्या घरी चालतं हे?" आप्पांचं हसू ओसरलं. म्हणाले, "घरी कोन न्हाई आता. ती व्हती तवा मी पन नव्हतो जात. तिला मागं बसवून भुलेश्वराला न्यायचो वर्षातनं एकदा. जाळी ऱ्हाऊ दिली ती तेवढ्यासाठी. गुरुवार जात न्हाई म्हून येतो त्या रस्त्यावर."

आईने त्यांना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. त्या दिवसानंतर आप्पा पुन्हा रस्त्यावर दिसले नाहीत, असं मला नंतर बाकीच्यांनी सांगितलं. मी तर जायचाच बंद झालो होतो. मला शहाणपण आलं म्हणून नाही. हात खांद्याच्या वर जाईना, आणि प्रेसची दोन बटणं नेमकी त्या उंचीवर होती. कंपनीने मला स्टोअरला घातलं. तिथे मी नट-बोल्ट मोजून देतो आणि वहीत सही घेतो, आणि पगारातला प्रेसवरचा भत्ता गेला. शिवाय वर्षभरात त्या टिटवीच्या रस्त्यालाही कंपनी मिळाली. गेट आलं, वॉचमन आला, कंटेनर आले, आणि दर शंभर मीटरला एक असे गतिरोधक आले. रेस बंद करायला माझा खांदा पुरला नव्हता. चार गतिरोधक पुरले.

आप्पांनी नंतर टेम्पोत घालून पाठवलेली गाडी तशीच अंगणात बाभळीला टेकून होती. शेवटी मी ती विकायला काढली. शेजारच्या वाडीवरचे एक दूधवाले आप्पांच्याच वयाचे, धोतर-टोपीवाले, बघायला आले. मी उत्साहाने सांगायला लागलो, इंजिनचे पोर्ट कसे घासलेत, हेड कसं आहे, चारशे मीटर किती सेकंदांत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"ॲव्हरेज काय देती?"

मला खरं सांगवेना. "चालवण्यावर आहे," मी म्हणालो.

"किटल्या अडकवायला जागा करावी लागंल. आन् ह्याला आरसं न्हाईत?"

"बसवून घ्या."

सौदा झाला. ते गाडीवर बसले, किक मारली, क्लच हळूहळू सोडला आणि गाडी बंद पडली. पुन्हा किक, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा मला राहवेना. मी जवळ गेलो. "मामा, असं नाही. आधी थोडी रेस धरा. आणखी. हां. आता क्लच भीत भीत नका सोडू, एकदम सोडा."

त्यांनी सोडला. टोपी माझ्या पायाशी पडली. मामा आमच्या गल्लीतून सुटले ते शाळेच्या कोपऱ्यापर्यंत गेले, तिथे कसेबसे थांबले, आणि बराच वेळ पाठमोरे तसेच बसून राहिले. मला वाटलं आता सौदा मोडणार. मग ते गाडी वळवून हळूहळू परत आले. धोतराचा सोगा सुटला होता. डोळे चकाकत होते. वीस वर्षांच्या पोराचे असावेत तसे.

"अजून एकदा जाऊन येऊ का?" त्यांनी विचारलं.

बायको उंबऱ्यात सूप घेऊन उभी होती. तिने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अवो," ती म्हणाली, "गाडी इकली का रोग इकला?"

मी टोपी उचलून, झटकून मामांच्या हातात दिली आणि त्यांच्या समोर जाऊन, खांदा शक्य तेवढा स्थिर ठेवून, हातमोजा धरावा तसा उजवा हात वर धरला.